लंगडा किलोमीटर

राज्यमार्ग क्रमांक दोनशे सतरा रेल्वे स्टेशनच्या मागच्या फाटकापाशी सुरू होतो आणि नदीत जाऊन संपतो. वाटेत तो दुसऱ्या कुठल्याही मोठ्या रस्त्याला भेटत नाही. त्या भागातली माणसं म्हणतात, लोकांचे महामार्ग जग फिरतात, आमचा रोज नदीवर पाय धुवायला जातो आणि आला तसा परत येतो.

ही थट्टा मुकादमाने एकोणचाळीस वर्षं ऐकली होती. आधी तो हसायचा. मग नुसती मान हलवायचा. हल्ली मान हलवायचाही त्याला कंटाळा येई.

मुकादम म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या टोळीचा म्होरक्या. एके काळी टोळीत अकरा माणसं होती. निवृत्त होत होत, बदल्या होत होत आता दोनच उरली होती, मुकादम स्वतः आणि दुसरा डांबऱ्या. डांबऱ्याचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे सापडलं नसतं. दोघं मिळून खड्डे भरत, कडेचं गवत काढत, रस्त्याखालच्या मोऱ्या साफ करत आणि वर्षातून एकदा किलोमीटरच्या दगडांना रंग देत, अंगाला पांढरा आणि डोक्याला हिरवा. शेवटचा दगड रंगवून होईतो पहिल्याचा रंग उडालेला असे. अशा कामात माणूस थकतो, पण कशाने थकला ते त्याला सांगता येत नाही.

पाचव्या दगडापाशी, म्हणजे रस्त्याच्या बरोबर मध्यावर, टोळीची चौकी होती. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे अवजारांची खोली. तिथे मुकादम आणि त्याची थोरली बहीण राहत. बहिणीला सगळे ताई म्हणत. दुसऱ्या दगडाजवळच्या शाळेत तिने तेहतीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलं होतं. तिचा डावा पाय लहानपणच्या आजारात बारीक राहिलेला, आता गुडघाही कुरकुरायला लागला होता. मुकादमाच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. नंतर शाळेजवळच्या दोन खोल्यांत राहायला जायचं भावाबहिणीचं ठरलेलं होतं. त्या खोल्याही दोन वर्षांनीच मोकळ्या व्हायच्या होत्या. तोवर चौकी टिकली की झालं, एवढीच मुकादमाची अपेक्षा.

आणि नेमकं तेवढ्यात खात्याचं पत्र आलं.

पत्र लांबलचक होतं. ताईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि पहिलीच्या मुलांना समजेल असं करून भावाला सांगितलं. "जो राज्यमार्ग दहा किलोमीटरपेक्षा कमी भरेल आणि दुसऱ्या महामार्गाला मिळत नसेल, त्याचा क्रमांक काढून घेणार. रस्ता गावाच्या ताब्यात. टोळी बंद, चौकीला कुलूप. तुम्हा दोघांना मोठ्या कचेरीत पाठवणार. सत्तर किलोमीटर."

"आपला दहाच्या वर आहे," मुकादम म्हणाला. "नोंदवहीत दहा पूर्णांक दोन लिहिलाय."

"मग झालं तर. मोजून जातील."

 मुकादमाने आपलं फावडं उचललं आणि मोरीकडे निघून गेला. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली, कारण रस्त्यातलं एक गुपित त्याने एक्कावन्न वर्षं पोटात ठेवलेलं होतं.

ते गुपित असं. त्याचे वडीलही याच टोळीत होते आणि याच चौकीत राहत. ताई अकरा वर्षांची असताना तिला तो आजार झाला. सहा महिने अंथरुणाला खिळून ती उठली तेव्हा पाय चालायचा विसरला होता. डॉक्टर म्हणाले, रोज एक किलोमीटर चालवा, तरच पाय सुधारेल. वडिलांना सोपं वाटलं. चौकीच्या दारात पाचवा दगड, तिथून चौथ्यापर्यंत चाललं की झाला एक किलोमीटर. पहिल्या दिवशी ताई वाटेतल्या निलगिरीच्या झाडापर्यंत गेली, तिथे मटकन बसली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याच्याने नाही होणार." झाड चौकीपासून तीनशे मीटरवर होतं.

दुसऱ्या दिवशी चौथा दगड त्या निलगिरीखाली उभा होता.

पहाटे वडिलांनी पहारीने दगड उकरला, ढकलगाडीवर घातला आणि झाडाखाली आणून पुरला. सात वर्षांचा मुकादम दाराच्या फटीतून बघत होता. वडिलांनी त्याला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी ताई चौथ्या दगडापर्यंत चालली. वडिलांनी सगळ्या टोळीला सांगितलं, आमची पोरगी किलोमीटरभर चालली. मग दर आठवड्याला ते दगड आठ-दहा पावलं मागे सरकवायचे. ताई रोज "तेवढाच" किलोमीटर चालायची आणि किलोमीटर मात्र वाढत जायचा. दीड वर्षात दगड बराचसा आपल्या जागेकडे गेला. मग वडिलांना दोन दिवसांचा ताप आला आणि ते गेले. दगड जिथे होता तिथेच राहिला, मूळ जागेपासून एकशे ऐंशी मीटर अलीकडे. आई घमेलं घेऊन टोळीत उभी राहिली म्हणून चौकी टिकली, पण दगडाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पुढे लॉरीवाल्यांच्या ध्यानात आलं की चौथा दगड गेला की पाचवा फार लवकर येतो. एक पाय आखूड तसा हा एक किलोमीटर आखूड. त्यांनी त्याचं नाव लंगडा ठेवलं. मुकादम झाल्यावर पुष्कळदा त्याच्या मनात आलं की दगड जागेवर नेऊन ठेवावा. पण ताई अजून रोज संध्याकाळी तिथवर चालत जायची, दगडावर हात टेकायची आणि परत यायची. शिवाय वडिलांनी ठेवलेला दगड. पुढच्या रंगाच्या वेळी बघू, असं म्हणता म्हणता इतके रंग झाले. आता मोजणारे येणार, एकशे ऐंशी मीटरची चोरी बाहेर येणार आणि दहा पूर्णांक दोनचे होणार दहा पूर्णांक दोन शतांश. तेवढ्यावर तरी निभावेल का? नोंदवहीत आणखी काय काय चुकलेलं असेल कुणास ठाऊक.

मोजणीला एक तरुण इंजिनीअर बाई आली. खात्याच्या जीपमधून उतरली तेव्हाच ती लंगडत होती.

"बूट नवे आहेत," ती म्हणाली. "सहा दिवसांत अकरा रस्ते. हा अकरावा."

तिने जीपमधून मोजणीचं चाक काढलं. सायकलच्या चाकासारखं एक चाक, त्याला लांब दांडा, दांड्यावर आकडे दाखवणारी छोटी डबी. चाक ढकलत चालायचं, डबी मीटर मोजत जाते. "सगळा रस्ता मोजायला वेळ नाही," ती म्हणाली. "एक किलोमीटर मोजते. तो बरोबर निघाला की नोंदवहीतला आकडा धरायचा. चुकला तर चूक सगळ्या रस्त्याला लावायची. असा हुकूम आहे."

मुकादमाने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे लंगडा मोजला तर एकट्या लंगड्याची नाही, दहाच्या दहा किलोमीटरची तंगडी आखूड होणार.

"मग हा घ्या, मॅडम," त्याने नदीच्या दिशेला हात केला. "पाच ते सहा. सपाट आहे, सावली आहे."

"आणि हा स्टेशनकडचा?"

"तिकडे नको. तिकडे कुत्री आहेत."

"कुत्री?" डांबऱ्या आश्चर्याने म्हणाला. "कुठली?"

"चावरी," मुकादम म्हणाला. "आणि ऊन डोळ्यांवर येतं. धूळही फार."

इंजिनीअर बाई दांड्याला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. "मुकादम, दहा रस्ते मोजून आले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मला सांगतंच, मॅडम, हाच किलोमीटर मोजा. मग मी दुसरा मोजते." तिने चाक पाचव्या दगडाला लावलं, डबीवर शून्य आणलं आणि स्टेशनकडे तोंड केलं.

डांबऱ्या मुकादमाच्या कानाशी पुटपुटला, "कुत्री सांगायची होती तर मला आधी सांगायचं. मी भुंकलो असतो."

तेवढ्यात खिडकीतून ताईचा आवाज आला. "बाई, तो मोजा. पण मग त्याच्या पलीकडचाही मोजा, नाहीतर हिशेब चुकेल."

मुकादमाने मान वळवली. ताई खिडकीच्या गजाला धरून उभी होती, वर्गात फळ्यापाशी उभी राहायची तशी.

"चौथा दगड जागेवर नाही," ताई म्हणाली. "आमच्या बाबांनी तो माझ्यासाठी अलीकडे आणलाय. मला चालता येत नव्हतं म्हणून."

"ताई," मुकादम म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी पावलं मोजायचे. पहिल्या दिवशी सहाशे बारा. पुढच्या आठवड्यात सहाशे एकतीस. माझे पाय आखूड झाले होते की रस्ता लांब झाला होता, एवढं कळायला अकरा वर्षं पुरेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा एवढ्या पहाटे उठून दगड वाहायचे. बोलले असते तर त्यांची मेहनत वाया गेली असती." मग ती इंजिनीअर बाईकडे वळली. "हा एकशे ऐंशीने कमी भरेल. याच्या पलीकडचा, तीन ते चार, तितक्यानेच जास्त भरेल. मधला दगड सरकवला तर एकाचं घटतं, शेजाऱ्याचं वाढतं. बेरीज तीच राहते."

मुकादम तिच्याकडे बघतच राहिला. एक्कावन्न वर्षं तो एकशे ऐंशी मीटर वजा करत होता आणि तेच एकशे ऐंशी दुसरीकडे जमा झालेले त्याला कधी दिसलेच नव्हते.

"बाळ्या," ताई म्हणाली, "हे तिसरीचं गणित आहे."

"मी तुझ्या वर्गात नव्हतो," मुकादम म्हणाला.

"म्हणून तर."

इंजिनीअर बाईने डबीकडे पाहिलं, मग आपल्या बुटाकडे पाहिलं आणि लांब श्वास सोडला. "दगडच जागेवर नाही म्हटल्यावर नमुना धरता येत नाही. आता सगळाच मोजावा लागेल. शून्यापासून."

जीपने तिघं स्टेशनवर गेली. जीप पुढे नदीवर जाऊन थांबायला सांगितली आणि मागच्या फाटकापासून चालायला सुरुवात झाली. पहिले दोन किलोमीटर बाई चाक ढकलत होती. मग तिच्या टाचेला फोड आला आणि चाक मुकादमाने घेतलं. तिने कागद हातात घेतला. फॉर्मवर एक रकाना होता, रस्त्याचा संक्षिप्त इतिहास. त्याला जागा ठेवली होती दोन ओळी.

"सांगा," ती म्हणाली. "चालता चालता होऊन जाईल."

मुकादम सांगत गेला. त्याला फार बोलायची सवय नव्हती, पण चाकाच्या टिकटिकीबरोबर बोलणं आपोआप येत होतं. सातव्या किलोमीटरवर दगडाची खाण होती. खाणीतून स्टेशनपर्यंत बैलगाड्यांनी दगड यायचा. त्या गाड्यांच्या चाकोऱ्या म्हणजे हा रस्ता. चाकोरीत खडी पडली, खडीवर डांबर आलं. मग कुणीतरी ठरवलं की नदीवर पूल बांधायचा, पलीकडे दुसरा महामार्ग आहे त्याला हा जोडायचा. पूल येणार म्हणून याला राज्यमार्गाचा क्रमांक मिळाला. आधी क्रमांक, मग पूल, असं ठरलं.

"आणि पूल?"

"पूल पंचवीस किलोमीटर खाली झाला. क्रमांक इथेच राहिला."

"मुलगी नाकारली, पण साखरपुड्याची अंगठी कुणी परत मागितली नाही," डांबऱ्या म्हणाला. "आता मागतायत."

बाई हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलंच हसू. ते तिने रकान्यात लिहिलं नाही.

शाळा आली. सुट्टीत मुलं कुंपणाशी गोळा झाली आणि चाकामागून ओरडत मोजू लागली. ती आकड्यांत मागे पडली तेव्हा चाक पुढे गेलं होतं. बंद पडलेली वीटभट्टी मागे गेली. तिसरा दगड आणि चौथा दगड यांच्यामध्ये डबीने अकराशे ऐंशी दाखवले. चौथा ते पाचवा आठशे वीस. बाईने दोन्ही आकडे लिहिले आणि खाली बेरीज केली. दोन हजार. "तुमच्या ताई बरोबर होत्या," ती म्हणाली.

"असतातच," मुकादम म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की दोन मिनिटं गुडघेही दुखायचे थांबले.

चौकीच्या पडवीत ताईने पाण्याचा तांब्या आणि बाईसाठी पायमोज्यांचा जाड जोड ठेवला होता. बाईने बूट काढून ते चढवले, ताईला नमस्कार केला आणि सगळे पुढे निघाले. सहावा किलोमीटर बरोबर निघाला. सातवा बरोबर निघाला. खाणीचा फाटा मागे टाकून ते पुढे चालले आणि आठवा दगड फार लवकर आला.

डबीवर आकडा होता आठशे दहा.

बाई थांबली. "इथेही कुणाला चालता येत नव्हतं का?"

मुकादमही थांबला. त्याने मागे वळून रस्ता पाहिला. सरळसोट, सुतात ओढल्यासारखा. आणि त्याला आठवलं. तीस वर्षांपूर्वी इथे मोठं वळण होतं. त्या वळणावर लॉऱ्या उलटायच्या, म्हणून खात्याने वळण काढून रस्ता सरळ केला. तो स्वतः त्या कामावर होता. नवा रस्ता झाला, जुनं वळण शेतात गेलं, पण पुढचे दगड कुणी हलवले नाहीत. दगड हलवणं त्या कामाच्या कागदात नव्हतं.

"म्हणजे शेजारचा वाढलाय का?" बाईने विचारलं.

"नाही," मुकादम हळूच म्हणाला. तिसरीचं गणित आता त्याला येत होतं. "इथे दगड नाही सरकला, रस्ताच कमी झाला. हे एकशे नव्वद गेले ते गेलेच."

नाव एकाला आणि पाय दुसऱ्याचा आखूड. वडिलांच्या दगडाचा घोर त्याने जन्मभर वाहिला आणि खरी तूट खात्याने केली, भर दिवसा, रोलर लावून, त्याच्याच हातांनी. डांबऱ्याला विनोद सुचला असावा, कारण त्याने तोंड उघडलं. मग मुकादमाकडे पाहून मिटलं.

 नववा किलोमीटर चढाचा, दहावा उताराचा. पुलासाठी बांधलेली नाक्याची खोली आली, तिच्यात कधीच नाकेदार बसला नव्हता. चाकाची टिकटिक तेवढी चालू होती. मुकादमाला वाटलं, आपण एकोणचाळीस वर्षं हा रस्ता चाललो, पण एका दमात शून्यापासून शेवटपर्यंत आजच. माणूस घर झाडतो, पण घराची लांबी कधी मोजत नाही. त्याला फार थकल्यासारखं झालं. सोडून द्यावं, असंही मनात आलं. जाऊ दे क्रमांक. सत्तर किलोमीटरवर तर सत्तर. पण ताईचा गुडघा डोळ्यांपुढे आला आणि तो चाक ढकलत राहिला.

नदी आली. पूर्वी इथे गाड्या पलीकडे नेणारा तराफा होता. त्याच्यावर गाडी चढावी म्हणून रस्त्याचाच घडीव दगडी उतार नदीत उतरवला होता. खाली बांध घातल्यापासून पाणी चढलं ते उतरलंच नाही आणि तराफाही कधीचा बंद झाला. चाक पाण्याच्या कडेला टेकलं.

बाईने डबी वाचली. "नऊ हजार नऊशे चौऱ्याहत्तर."

 जीपवाल्याने इंजिन सुरू केलं होतं, ते त्याने बंद केलं.

"सव्वीस मीटर," बाई म्हणाली. तिच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. "मुकादम, मी आकडा बदलू शकत नाही."

"बदलू नका," मुकादम म्हणाला.

तो खाली बसला. बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. मग उठून त्याने चाकाचा दांडा धरला.

"काय करताय?"

"मोजणी. रस्ता इथे संपत नाही, मॅडम. इथे पाणी सुरू होतं. तो वेगळा प्रकार."

"पण खाली रस्ता आहे कशावरून?"

"चाक फिरतं का बघा. वाळू असती तर रुतलं असतं."

तो पाण्यात उतरला. पाणी थंड होतं. चाक पुढे गेलं आणि घडीव दगडांवर खडखडलं, प्रत्येक सांध्यावर एक ठोका. वडिलांनी दर उन्हाळ्यात या सांध्यांत माती भरली होती, त्यांच्यामागून त्यानेही भरली होती. पाणी गुडघ्याला आलं. दुमडलेली विजार भिजली. पाणी मांड्यांना आलं. पायाखाली शेवाळ होतं. एकदा तो घसरला, पण दांड्यावर सावरला.

"पोहता येतं का?" बाईने काठावरून विचारलं.

"त्यांना नाही," डांबऱ्या म्हणाला. "मला येतं, पण मला कुणी विचारत नाही." आणि तोही बूट न काढता पाण्यात शिरला आणि मुकादमाच्या मागे हातभर अंतरावर चालू लागला.

पाणी कमरेवर आलं तेव्हा मुकादम थांबला. त्याने डबी डोळ्यांशी नेली. चष्म्यावर पाणी उडालं होतं. डांबऱ्याने मान पुढे काढून वाचलं आणि काठाकडे वळून मोठ्याने सांगितलं. "दहा हजार तीन."

"पुढे अजून रस्ता आहे?" बाईने विचारलं.

"आहे," मुकादम म्हणाला. "सात-आठ मीटर असेल. रस्ता आहे, पण माणूस संपला."

बाईने बूट काढले. ती घोट्याएवढ्या पाण्यात आली, वाकून तिने हाताने तळाचा दगड चाचपला, मग थोडं पुढे जाऊन आणखी एक चाचपला. ओल्या हाताने तिने फॉर्मवर लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. मोजलेली लांबी दहा हजार तीन मीटर. पैकी शेवटचे एकोणतीस मीटर सध्या पाण्याखाली, फरसबंदी शाबूत, समक्ष खात्री केली. चौथा दगड व आठव्यापासून पुढचे दगड योग्य जागी बसवावेत.

"चालेल हे?" डांबऱ्याने विचारलं.

"रकान्यात लांबी विचारलीय. कोरडी लांबी, असं कुठे विचारलेलं नाही," ती म्हणाली. "दहाच्या वर आहे. पुढच्या मोजणीपर्यंत यादीत राहील. पुढची मोजणी पाच वर्षांनी." मग तिला काहीतरी आठवलं. तिने फॉर्म उलटा केला आणि इतिहासाच्या दोन ओळींतली उरलेली अर्धी ओळ भरली. काय लिहिलं ते तिने दाखवलं नाही, पण लिहिताना ती पुन्हा हसत होती.

जीपने त्यांना चौकीवर सोडलं तेव्हा ऊन कलंडलं होतं. ताई पडवीत बसली होती. तिने भावाच्या ओल्या विजारीकडे पाहिलं, डांबऱ्याच्या चपचपणाऱ्या बुटांकडे पाहिलं.

"किती भरला?"

"दहा. वर तीन मीटर."

"आणि तू नदीत कशाला पडलास?"

"पडलो नाही. महामार्गाबरोबर पाय धुवायला गेलो होतो."

ताईने कोरडा पंचा त्याच्याकडे टाकला. तो पडवीच्या पायरीवर बसून पाय पुसत राहिला. दोन्ही पायांत गोळे आले होते. पुसायचं एवढंसं काम, पण तेही त्याला लांब वाटत होतं.

"दगड जागेवर बसवायला सांगितलेत," तो थोड्या वेळाने म्हणाला. "चौथाही."

 काठी घेऊन ताई उठली. तिच्या रोजच्या फेरीची वेळ झाली होती. पायरी उतरताना तिने एक हात भावाच्या डोक्यावर टेकला, आधारासाठी.

"कधी हलवणार?"

"उद्या पहार काढतो. एकशे ऐंशी मीटर. डांबऱ्या आणि मी, दुपारपर्यंत होईल."

ताईने रस्त्याकडे पाहिलं. निलगिरीचं झाड आता फार उंच झालं होतं, त्याच्याही कितीतरी पुढे चौथ्या दगडाचं हिरवं डोकं ठिपक्याएवढं दिसत होतं.

"उद्याच सगळा नको नेऊस, बाळ्या," ती म्हणाली. "आठवड्याला आठ-दहा पावलं ने. गुडघ्याला सवय होऊ दे."

आणि ती चालू लागली. मुकादम पंचा हातात धरून ऐकत होता. ती पावलं मोजत होती, अगदी हळू, पण ऐकू येईल इतक्या आवाजात.